एक पणजोबा, दोन प्रोफाइल आणि तीन खोटे साक्षीदार

आज आपल्या चिकलठाण्यातल्या घरचीच गोष्ट सांगतो.

आमच्या ऑनलाइन वंशावळीत पणजोबांचे दोन प्रोफाइल होते. एकात जन्म 1907, दुसऱ्यात 1915. बायको तीच, मुलं तीच, म्हणून मी दोन्ही मर्ज केले. वाटलं, झालं काम! पण विकीट्रीसारख्या साइटवर मर्ज केलं की दोन्ही चरित्रं एकाखाली एक येऊन पडतात, संदर्भांसकट. माझ्याकडे सात संदर्भ जमा झाले. आता ते निवडायला बसलो, आणि खरा इतिहास तिथे सुरू झाला.

सातपैकी तीन संदर्भ म्हणजे शाळेच्या रजिस्टरचं एकच पान निघालं. एकाने फोटो टाकला होता, दुसऱ्याने भाषांतर, तिसऱ्याने नुसतं 'शाळेचा दाखला' लिहिलेलं. म्हणजे साक्षीदार तीन नव्हतेच. एकच माणूस तीनदा बोलत होता. पानावर उर्दूत साल होतं 1325. कुणीतरी ते हिजरी धरलं, म्हणून 1907 आलं. पण निजामाच्या राज्यात सरकारी कागदावर फसली साल चालायचं. फसलीत साधारण 590 मिळवा: 1915. भांडण मिटलं!

हाच घोळ मोठ्या इतिहासातही झालाय. शिवाजी महाराजांच्या जन्माचं साल काही बखरींमुळे बरीच वर्षं 1627 मानलं जायचं. मग 1916 मध्ये लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली प्रसिद्ध केली. तिच्यात फाल्गुन वद्य तृतीया, शके 1551, म्हणजे 19 फेब्रुवारी 1630. पुढे 'शिवभारत' आणि जोधपूरला सापडलेली कुंडली यांनीही तेच सांगितलं. वेगवेगळ्या ठिकाणचे साक्षीदार एकच बोलले, म्हणून वजन. बखरी किती, हे मोजून नव्हे.

आणि नावांचं काय? वेरूळच्या भोसल्यांकडेच बघा. शहाजीराजांचा थोरला मुलगा संभाजी, कनकगिरीला पडला. शिवाजी महाराजांचा मुलगाही संभाजी, जन्म 14 मे 1657, पुरंदर. नुसतं नाव बघून मर्ज केलं तर काका-पुतण्या एक होतील!

माझ्याकडेही तसंच झालं होतं. सातवा संदर्भ 1954 च्या खासरा पत्रकाचा, पणजोबांच्या नावावर जमीन. पण आजी म्हणाली, "अरे, ते तर पोलीस ॲक्शनच्या आधीच गेले." म्हणजे 1948 च्या आधी. मग ही जमीन कुणाची? त्यांच्याच नावाच्या चुलत पुतण्याची. त्याचा प्रोफाइलच नव्हता. आमच्या मर्जमध्ये एक अख्खं घर गायब झालं होतं.

आजकाल निजामकाळच्या नोंदींवरून दाखले निघतात, तिथे वंशावळ जोडावी लागते. अशी चूक तिथे गेली तर एखाद्याचा हक्क अडकतो.

म्हणून मर्जनंतर एवढं करा. एकाच कागदाचे संदर्भ एकत्र करा. मूळ कागद स्वतः बघितला की कुणाचं ऐकून लिहिलं, ते नोंदवा. पानावरचं साल जसंच्या तसं ठेवा, बदललेलं साल शेजारी लिहा. आणि न जुळणारा संदर्भ डिलीट करू नका. तो कुणा दुसऱ्याचा असेल.

मी त्या पुतण्याचा प्रोफाइल केला. संदर्भ एकच आहे, पण त्याचा स्वतःचा आहे.

भेटू पुढच्या भागात!