मिळून आली

1990 साली मी खाडीकाठच्या एका पोलीस ठाण्यात नवखा शिपाई होतो. मीरा-भाईंदर तेव्हा ठाणे ग्रामीण पोलिसांकडे. नगरपालिका होऊन जेमतेम पाच वर्षं झालेली. मिठागरांच्या बांधावर एक बाई चार दिवस फिरत होती. काखेत गाठोडं, खाऱ्या पाण्यानं पोटऱ्या सोललेल्या. आम्ही तिला आणली आणि डायरीत लिहिलं, 'वेडसर महिला फिरताना मिळून आली.' हरवलेली पाकिटं मिळून येतात, तशी. रात्रभर ती कोठडीचे गज धरून उभी होती. चहा दिला, नाव कुणीच विचारलं नाही. मीही नाही.

कायद्याचा शब्दही तसाच होता. 1912 च्या कायद्यात अशा माणसाला पोलिसांनी चक्क 'अटक' करायची, मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं, तिथून हुकूम झाला की ठाण्याच्या मनोरुग्णालयात, जे 1901 पासून उभं आहे. गुन्हा काय, तर भटकणं. 1987 चा कायदा 1993 मध्ये लागू झाला, 'अटक' जाऊन 'संरक्षण' आलं. वाट मात्र कोर्टातूनच राहिली.

त्याच काळात, चेकनाका ओलांडला की लागणाऱ्या दहिसरमध्ये डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वटवाणी रस्त्यावरच्या मनोरुग्णांना उचलून आणत होते, बरं करून गावी पोचवत होते. इतक्या जवळ, आणि आम्हाला पत्ता नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

29 मे 2018 पासून लागू झालेल्या याच विषयावरच्या नव्या कायद्याचं शंभरावं कलम मी निवृत्तीच्या आधी दहादा वाचलं. ताब्यात का घेतलं ते त्या माणसाला सांगा. 24 तासांच्या आत सरकारी दवाखान्यात न्या. कोठडीत ठेवायचं नाही, म्हणजे नाहीच. आणि बेघर असेल तर हरवल्याची नोंद करून घरच्यांचा शोध घ्या. हे शेवटचं वाचताना मी थांबलो. त्या बाईला कुणी शोधत असेल, हे त्या रात्री आमच्या डोक्यातही आलं नव्हतं.

माझी पुतणी आता मीरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालयात शिपाई आहे. 2020 साली ते सुरू झालं. परवा स्टेशनच्या जिन्याखाली एक म्हातारा जवळ कुणाला येऊ देत नव्हता. तिनं गर्दी पांगवली, टोपी काढली आणि हातभर अंतर राखून फरशीवर बसली. पुडा फोडून एक बिस्किट आपण खाल्लं, एक मधे ठेवलं. नाव विचारलं. तिसऱ्या खेपेला तो बोलला. नाव नाही, गाव सांगितलं. तिथूनच तिनं त्या जिल्ह्याच्या कंट्रोल रूमला फोन लावला.