जुन्या व्हिडिओ गेमचे डाउनलोड-रूपातील पुनःप्रकाशन

जुन्या कन्सोलसाठी तयार झालेले व्हिडिओ गेम नव्या कन्सोलवर इंटरनेटद्वारे उतरवून घेण्याच्या स्वरूपात पुन्हा विक्रीस आणण्याची पद्धत अमेरिकेत २००६ च्या सुमारास रुजली. या पद्धतीमुळे बाजारातून नाहीसे झालेले अनेक गेम पुन्हा खेळता येऊ लागले. मात्र त्यांची उपलब्धता विक्रेत्या कंपनीच्या इच्छेवर अवलंबून राहिली.

पार्श्वभूमी

१९८३ च्या मंदीत अमेरिकेतील घरगुती व्हिडिओ गेमचा व्यवसाय जवळजवळ कोसळला होता. १९८५ मध्ये निंटेंडो या जपानी कंपनीने आपला ‘एनईएस’ कन्सोल प्रथम न्यूयॉर्क परिसरात विक्रीस आणला आणि या व्यवसायास पुन्हा उभारी मिळाली. त्या काळी प्रत्येक गेम स्वतंत्र कार्ट्रिजमध्ये मिळे. महाराष्ट्रात १९९० च्या दशकात याच कन्सोलच्या स्वस्त नकला घरोघरी पोहोचल्या आणि कार्ट्रिजला ‘कॅसेट’ हे नाव पडले. आज अमेरिकेत स्थायिक असलेल्या अनेक मराठी कुटुंबांतील पालकांची ‘मारिओ’ आणि ‘कॉन्ट्रा’ या गेमशी ओळख याच कॅसेटींतून झाली.

कार्यपद्धती

कार्ट्रिजमधील चिपवर साठवलेली आज्ञावली एका फाइलमध्ये उतरवली जाते. नव्या कन्सोलवरील ‘एम्युलेटर’ ही प्रणाली जुन्या यंत्राच्या प्रोसेसरचे, चित्राचे व ध्वनीचे काम हुबेहूब वठवते. त्यामुळे मूळ गेममध्ये फारसा बदल न करता तो चालतो. सोनी विरुद्ध कनेक्टिक्स या खटल्यात अमेरिकेच्या नवव्या सर्किट अपील न्यायालयाने २००० मध्ये असा निर्णय दिला की, एम्युलेटर तयार करताना अभ्यासासाठी मूळ प्रणालीची प्रत काढणे हा न्याय्य वापर ठरतो. गेमवरील स्वामित्वहक्क मात्र वेगळा असून परवानगीवाचून त्याची प्रत वाटणे बेकायदेशीरच आहे.

प्रमुख सेवा

मायक्रोसॉफ्टची ‘एक्सबॉक्स लाइव्ह आर्केड’ सेवा २००४ मध्ये सुरू झाली. १९ नोव्हेंबर २००६ रोजी ‘वी’ या कन्सोलबरोबर निंटेंडोचे ‘व्हर्च्युअल कन्सोल’ अमेरिकेत आले. त्यावर एनईएसचा गेम साधारण ५ डॉलरला, सुपर एनईएसचा ८, तर निंटेंडो ६४ चा १० डॉलरला मिळे. पुढे सुट्या विक्रीची जागा वर्गणीने घेतली. सप्टेंबर २०१८ मध्ये ‘निंटेंडो स्विच ऑनलाइन’ ही सेवा एनईएसच्या २० गेमसह सुरू झाली. तिची वैयक्तिक वार्षिक वर्गणी सुमारे २० डॉलर होती. वर्गणी थांबली की हे जुने गेमही बंद होतात.

हक्कांचा गुंता

एकाच गेमवर अनेकांचे हक्क असल्यास पुनःप्रकाशन रखडते. ‘गोल्डनआय ००७’ (१९९७) हे त्याचे ठळक उदाहरण होय. हा गेम ब्रिटनमधील ‘रेअर’ कंपनीने निंटेंडोसाठी तयार केला होता. २००२ मध्ये रेअर मायक्रोसॉफ्टच्या मालकीची झाली, तर जेम्स बाँड या पात्राचे हक्क चित्रपट-कंपन्यांकडे होते. एक्सबॉक्ससाठी तयार झालेली त्याची सुधारित आवृत्ती विक्रीस आलीच नाही. अखेर २७ जानेवारी २०२३ रोजी मूळ गेम स्विच आणि एक्सबॉक्स या दोन्हींवर अधिकृतपणे परतला.

दुकाने बंद होतात तेव्हा

‘वी’ कन्सोलचे ऑनलाइन दुकान ३० जानेवारी २०१९ रोजी, ‘वी यू’ व ‘थ्रीडीएस’ यांची दुकाने २७ मार्च २०२३ रोजी, तर ‘एक्सबॉक्स ३६०’ चे दुकान २९ जुलै २०२४ रोजी बंद झाले. सोनीने २०२१ मध्ये ‘प्लेस्टेशन ३’ व ‘व्हिटा’ यांची दुकाने बंद करण्याचे जाहीर केले होते. परंतु ग्राहकांच्या नाराजीनंतर काही आठवड्यांतच तो निर्णय मागे घेतला. दुकान बंद झाले म्हणजे आधी घेतलेला गेम लगेच नाहीसा होतो असे नाही. नवी खरेदी मात्र थांबते आणि यंत्र बिघडल्यास गेम पुन्हा उतरवून घेण्याची सोय कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून राहते. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार, ग्राहकास केवळ वापराचा परवाना मिळत असल्यास विक्रेत्याने तसे स्पष्ट सांगणे आवश्यक आहे.

जतनाचा प्रश्न

‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’ या संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०१० पूर्वी अमेरिकेत प्रकाशित झालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात उपलब्ध नाहीत. ग्रंथालये व अभिलेखागारे असे गेम जतन करू शकतात. मात्र ते संस्थेच्या आवारातच पाहता येतात. संशोधकांना घरबसल्या ते वापरू द्यावेत, ही मागणी अमेरिकी कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये फेटाळली. त्यामुळे पुन्हा विक्रीस न आलेल्या गेमच्या अभ्यासासाठी जुने यंत्र व कार्ट्रिज मिळवणे, किंवा न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथील ‘द स्ट्राँग’ संग्रहालयासारख्या संस्थेत प्रत्यक्ष जाणे, हेच प्रमुख अधिकृत मार्ग उरतात.