आठ लाखांचा शब्द

साताऱ्याकडच्या जुन्या माणसांच्या बोलण्यात इंग्रज साहेब तीन असत. बखरी जमवून मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ, थंड डोक्याचा एल्फिन्स्टन आणि तिसरा माल्कम. पहिल्या दोघांविषयी आमचे आजोबा शाळामास्तरासारखे बोलत. माल्कमचे नाव निघाले की अडकित्ता खाली ठेवून पुढे सरकत आणि म्हणत, "तलवारीनं घेणारा परवडला रे. हा जिभेनं घ्यायचा."

ही वाक्ये त्यांची स्वतःची नव्हती. त्यांच्या आजोबांकडून ती चालत आली होती, आणि त्या आजोबांनी छत्रपतींची गादी खालसा झालेली लहानपणी पाहिली होती. म्हणजे आम्हा मुलांच्या आणि सर जॉन माल्कमच्या मध्ये चार-पाच माणसांचेच अंतर होते. पुढे कागदपत्रे वाचू लागलो तेव्हा आजोबांच्या कथांतले काय टिकते आणि काय गळून पडते, हे बघायचा नादच लागला.

माल्कमचा जन्म २ मे १७६९ चा. इंग्लंडच्या सीमेला लागून असलेल्या दक्षिण स्कॉटलंडातल्या डम्फ्रीसशायरमधला. बाप कूळ म्हणून शेती करणारा आणि कर्जाखाली दबलेला. घरात सतरा भावंडे. अशा घरातल्या मुलांना त्या काळी एकच वाट होती, समुद्राची. माल्कमच्या घरातही वडीलधाऱ्यांनी जपलेली एक गोष्ट होतीच. बारा-तेरा वर्षांचा जॉन नोकरीसाठी लंडनला ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांपुढे उभा राहिला. पोर फारच लहान, परत पाठवणार असा रंग दिसू लागला. कोणीतरी गमतीने विचारले, हैदर अली समोर आला तर काय करशील? पोराने आपल्या खेडवळ बोलीत सांगितले, तलवार उपसून त्याचे डोके उडवीन. नेमणूक झाली. १७८३ मध्ये तो मद्रासला उतरला तेव्हा हैदर मरून गेलेला होता.

डोकी उडवण्याऐवजी हा मुलगा फारसी शिकला, आणि त्याचे नशीब तिथे फिरले. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणवर चालून गेलेल्या सैन्यात निजामाच्या फौजेबरोबर राजकीय अधिकारी म्हणून तो होता. टिपू पडल्यावर म्हैसूरची व्यवस्था लावणाऱ्या मंडळाचा तो आणि टॉमस मन्रो असे दोघे चिटणीस झाले. लगेच इराणच्या शहाकडे वकिलात. पुढे आणखी दोनदा तिकडे जाऊन आला आणि १८१५ मध्ये इराणचा दोन खंडी इतिहास छापून मोकळा झाला. उंच, धिप्पाड, शिकारीचा शौकीन, सदा गप्पांत रमलेला. सोबती त्याला 'पोरगा माल्कम' म्हणत आणि चाळिशी उलटली तरी ते नाव सुटले नाही. बोलका माणूस बावळट असतो असे समजणाऱ्यांची मात्र त्याने बरोबर फसगत केली.

मराठ्यांच्या दरबारात तो १८०३ च्या युद्धापासून वावरत होता. असईच्या वेळी आजारी असल्यामुळे लढाई हुकली, पण शिंद्यांशी तहाची बोलणी सुरू झाली तेव्हा आर्थर वेलस्लीच्या छावणीत हजर झाला. ग्वाल्हेरचा किल्ला शिंद्यांकडेच राहू द्यावा, असे त्याचे मत पडले. ते गव्हर्नर जनरलला मुळीच रुचले नाही आणि माल्कमला कानउघाडणी सोसावी लागली. हरलेल्या माणसाला अगदी नागवू नये, हे त्याचे धोरण तेव्हापासूनचे.

आजोबांची आवडती कथा माहुलीची. कृष्णा-वेण्णेच्या संगमावरचे हे गाव रामशास्त्री प्रभुण्यांचे. ऑगस्ट १८१७ मध्ये बाजीराव पेशवे तिथे मुक्कामाला होते आणि त्यांनी माल्कमला भेटीला बोलावले. आजोबांच्या कथेत साहेब पेशव्यांच्या डोळ्यांत एकदा पाहतो, सगळा डाव ओळखतो आणि हसत हसत निरोप घेतो. कागद नेमके उलटे सांगतात. बाजीराव इंग्रजांच्या मैत्रीविषयी इतके आर्जवाने बोलले की माल्कमचा विश्वास बसला. पेंढाऱ्यांच्या बंदोबस्तासाठी फौज जमवा, असा सल्लाही तो देऊन गेला. पुण्याचा रेसिडेंट एल्फिन्स्टन यावर विश्वासला नाही. जमलेली ती फौज ५ नोव्हेंबरला खडकीच्या मैदानात इंग्रजांवरच चालून गेली. गोड जिभेच्या साहेबाला माहुलीत आपला पेशवाच भारी पडला होता! आजोबांनी ही बाजू कधी ऐकली नसावी. ऐकली असती तर दसरा-दिवाळीला सांगितली असती.

त्यानंतर माल्कम उत्तरेकडे गेला. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरला क्षिप्रेच्या उतारातून, होळकरांच्या तोफांच्या तोंडावर त्याने हल्ला चढवला. आदल्याच दिवशी होळकरांच्या छावणीत राज्याचा कारभार पाहणाऱ्या तुळसाबाईंचा शिरच्छेद झाला होता, आणि गादीवर होते अकरा वर्षांचे मल्हारराव. इंग्रजांची सातशेवर माणसे मेली किंवा जखमी झाली. होळकरांची त्याहून कितीतरी जास्त. सुमारे दोन आठवड्यांत मंदसौरचा तह झाला आणि तो माल्कमनेच ठरवला. तहाच्या आधाराने महूची छावणी वसली, तीही त्याच्याच हातची. लढाई सकाळची, तह पंधरवड्याचा आणि छावणी कायमची, असा या माणसाचा हिशोब.

मग आला मे १८१८ चा शेवट. पेशव्यांचे सेनापती बापू गोखले आष्टीला पडले होते, छत्रपती इंग्रजांच्या हाती होते, आणि बाजीराव अशीरगडाजवळ येऊन थांबले होते. पावसाळा तोंडावर. अशीरगड शिंद्यांचा, पेशवे आत शिरले तर चार महिने तोफा चिखलात रुतून बसणार. खेरीच्या मुक्कामी माल्कम बाजीरावांना भेटला. राज्य सोडा, दख्खन सोडा, एखाद्या तीर्थक्षेत्री राहा; वर्षाला आठ लाखांहून कमी नाही अशी नेमणूक मिळेल, पदरच्या माणसांचीही काळजी घेतली जाईल. ३ जूनला पेशवे स्वाधीन झाले. काही दिवसांत त्यांच्या पदरच्या अरबांनी थकलेल्या पगारासाठी त्यांनाच घेरले. त्यातूनही माल्कमनेच सोडवले.

कलकत्त्यात गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज नाराज झाला. एवढी रक्कम! पण शब्द देऊन झाला होता, मोडता येईना. माल्कमचे म्हणणे, युद्ध लांबले असते तर याहून किती तरी जास्त गेले असते. बाजीराव फार दिवस काढणार नाहीत, अशीही साहेब लोकांची अटकळ होती. आमची आजी या ठिकाणी हटकून हसायची. "अटकळ साहेबाची आणि आयुष्य पेशव्याचं!" बाजीराव बिठूरला गंगाकाठी १८५१ च्या जानेवारीपर्यंत जगले. साडेबत्तीस वर्षांचे आठ-आठ लाख म्हणजे अडीच कोटींच्या वर. आजीची ही कथा कागदाला तंतोतंत लागते.

इंदूरला आमची एक आत्या दिली होती. तिच्या घरी माल्कमचे नावही कोणी घेत नसे. तिथे कथा अहिल्याबाईंच्या. पेशवे घराण्यातल्या आनंदीबाईंनी म्हणे दासी पाठवली, अहिल्याबाई दिसायला कशा आहेत ते बघून ये म्हणून. दासीने येऊन सांगितले, रूप तसे बेताचे, पण चेहऱ्यावर काही दैवी तेज आहे. आणि एका ब्राह्मणाने त्यांच्या स्तुतीचा ग्रंथ लिहून आणला, तेव्हा बाईंनी तो ऐकून घेतला आणि नर्मदेत टाकायला सांगितला. आत्या हे अशा ठसक्यात सांगे की सासरच्या कोणी ते डोळ्यांनी पाहिले असावे.

पुढे माल्कमचा 'मेमॉयर ऑफ सेंट्रल इंडिया' हा १८२३ चा ग्रंथ हाती आला आणि दोन्ही कथा तिथे भेटल्या. माळव्याचा कारभार पाहताना १८१८ ते १८२१ मध्ये हा माणूस गावोगाव विचारपूस करत हिंडला होता. अहिल्याबाई १७९५ मध्ये वारल्या. त्यांना पाहिलेली माणसे तेव्हा हयात होती. त्यांनी सांगितलेले त्याने लिहून घेतले. एखाद्या बाईची इतकी स्तुती खरी असेल का, असा संशय त्यालाही आला, म्हणून वेगवेगळ्या तऱ्हेच्या लोकांकडे पुन्हा चौकशी केली. सगळ्यांचे मत एकच पडले. आपण आज अहिल्याबाईंच्या चरित्रात जे वाचतो, त्यातला मोठा भाग होळकरांची सत्ता मोडणाऱ्या या सेनाधिकाऱ्याच्या वहीतून आलेला आहे. माळव्यातल्या आज्यांनी साहेबाला सांगितले, साहेबाने छापले, छापलेले पुन्हा मराठीत आले आणि आत्याच्या ओसरीवर येऊन बसले.

मुंबईची गव्हर्नरी त्याला १८१९ मध्येच हवी होती. ती एल्फिन्स्टनला मिळाली आणि माल्कम मनातून दुखावला. १८२७ मध्ये अखेर तो गव्हर्नर झाला. आल्या आल्या न्यायमूर्तींशी खडाजंगी. पुण्यातल्या मोरो रघुनाथ नावाच्या अल्पवयीन मुलाला कोर्टापुढे हजर करा, असा हुकूम मुंबईच्या सुप्रीम कोर्टाने काढला. पुण्यावर या कोर्टाची हुकमत चालत नाही, असे म्हणून माल्कमने तो बजावू दिला नाही. न्यायमूर्ती ग्रँट यांनी चिडून कोर्टच बंद केले. निकाल शेवटी विलायतेहून सरकारच्या बाजूने लागला. खंडाळ्याच्या बोरघाटातून गाडीरस्ता बांधून झाला, तो याच गव्हर्नराने नोव्हेंबर १८३० मध्ये खुला केला.

सातारकरांच्या लेखी त्याची खरी खूण महाबळेश्वर. आजोबा म्हणत, साहेबाने महाराजांकडून डोंगर फुकट उपटला. तसे नव्हते. १८२९ च्या तहाने प्रतापसिंह महाराजांनी महाबळेश्वरची जागा दिली आणि बदल्यात कंपनीकडून वाईकडचे खंडाळा गाव घेतले. घाटातले ते खंडाळा वेगळे. डोंगरावर आजारी गोऱ्या शिपायांसाठी आरोग्यस्थान झाले, पेठ वसली, तिला माल्कमपेठ नाव पडले. केट्स पॉइंट हा त्याच्या मुलीच्या नावाचा, असे सांगतात. कागदावर व्यवहार बरोबरीचा होता, पण एका बाजूला गाव होते आणि दुसऱ्या बाजूला पुढल्या शंभर वर्षांचा मुंबई सरकारचा उन्हाळा. हे ज्याला आधी दिसले त्याने सौदा मांडला. आजोबांचे तपशील चुकले होते. बोचणी चुकली नव्हती.

विलायतेला परतल्यावर माल्कम पार्लमेंटात गेला, लॉन्स्टन या मतदारसंघातून. तिथली जागा एका सरदाराच्या मुठीतली. मताधिकार वाढवणाऱ्या सुधारणा विधेयकाला त्याने विरोध केला. हिंदुस्थानात हलक्या हाताने, लोकांच्या रीतिभाती सांभाळून राज्य करावे, असे लिहिणारा हा माणूस स्वतःच्या देशातल्या सामान्य माणसाला मत द्यायला मात्र तयार नव्हता. ३० मे १८३३ रोजी लंडनमध्ये तो वारला. वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याचा पुतळा आहे, आणि दुसरा मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये, एशियाटिक सोसायटीच्या वास्तूत.

तो गेल्यावर त्याच्या शब्दांचे काय झाले? ज्यांच्याशी त्याने १८२९ चा तह केला त्या प्रतापसिंहांना कंपनीने दहा वर्षांत पदच्युत करून काशीला धाडले, आणि १८४८ मध्ये साताराही खालसा केला. बाजीराव वारल्यावर आठ लाखांची नेमणूक दत्तकपुत्र नानासाहेबांना नाकारली. त्यांचा वकील अझीमुल्ला खान लंडनपर्यंत जाऊन हात हलवत परतला. १८५७ च्या उठावात कानपूरला या नकाराचा हिशोब झाला.

आजोबांच्या निवाड्यात मी एवढीच दुरुस्ती करीन. माल्कम लबाड नव्हता. दिलेला शब्द खरा करण्यासाठी तो आपल्या वरिष्ठांशी भांडला, आणि हरलेल्यांचा मान ठेवण्याची त्याची इच्छा खरी होती. पण तो शब्द ज्या कंपनीच्या वतीने दिला जात होता तिच्या दृष्टीने ते राज्य उतरवून घेण्याचे सर्वांत स्वस्त साधन होते, आणि माल्कमला हे चांगले ठाऊक होते. स्वस्ताईचा हिशोब त्याने स्वतःच तर मांडला होता. माणसाचा दिलदारपणा आणि त्याने केलेले नुकसान, दोन्ही एकाच दमात सांगितल्याशिवाय माल्कमची कथा पुरी होत नाही.