मिनिटभर नुसतं पोटाकडे बघणारे डॉक्टर : बाळाचा न्यूमोनिया ओळखण्याचा इतिहास

खोकला आणि ताप असलेलं बाळ तपासायला आलं की मी त्याला आईच्या मांडीवरच राहू देतो. झबलं वर करायला सांगतो आणि घड्याळ समोर धरून मिनिटभर नुसता त्याच्या पोटाकडे बघत बसतो. ते एक मिनिट सगळ्यांनाच फार लांब वाटतं. शेवटी सोबत आलेल्या आजींना राहवत नाही. "अहो डॉक्टर, छाती तरी तपासा!"

छाती नंतर तपासतोच. पण त्या मिनिटात मी बाळाचे श्वास मोजत असतो, आणि न्यूमोनिया आहे की नाही याचं बरंचसं उत्तर तिथेच मिळतं. ही साधी गोष्ट कळायला वैद्यकशास्त्राला बराच काळ लागला. त्या प्रवासातला एक महत्त्वाचा टप्पा आपल्या गडचिरोलीत आहे.

सुरुवात पॅरिसपासून करू. १८१६ साली रेने लायनेक या फ्रेंच डॉक्टरांनी कागदाची गुंडाळी करून रुग्णाच्या छातीला लावली आणि स्टेथोस्कोप जन्माला आला. न्यूमोनियात फुफ्फुसातून बारीक चरचर ऐकू येते, हे त्यांनी नीट नोंदवलं. १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागला. तेव्हापासून न्यूमोनिया ओळखायचा तर डॉक्टर हवा, स्टेथोस्कोप हवा, जमलं तर एक्स-रे हवा, हे पक्कं ठरून गेलं. मोठ्या माणसाच्या बाबतीत ते ठीकच आहे. पण सहा महिन्यांच्या बाळाची छाती मुठीएवढी. ते रडतं, हात झटकतं, चोंदलेल्या नाकाचा आवाज छातीत घुमतो. एकाच बाळाच्या छातीवर दोन चांगल्या डॉक्टरांना दोन वेगळ्या गोष्टी ऐकू येणं अजिबात दुर्मीळ नाही.

१९३० च्या दशकाच्या अखेरीस सल्फाची औषधं आली, पुढच्या दशकात पेनिसिलिन आलं. औषध मिळालं, तरी बाळं दगावतच राहिली. कारण जिथे ती दगावत होती तिथे डॉक्टर नव्हता आणि एक्स-रे तर नव्हताच.

आईला मात्र दिसत होतं. "पोट उडतंय", "धाप लागलीय", "बरगडी आत जातेय", "डबा झालाय" असे शब्द आपल्याकडच्या आया-आज्या पिढ्यान्‌पिढ्या वापरत आल्या. डॉक्टर ज्याला जलद श्वास आणि छाती आत ओढली जाणं म्हणतात, त्याचंच हे वर्णन. त्यावरचा उपाय मात्र भयंकर होता. कित्येक ठिकाणी बाळाच्या पोटावर तापलेल्या लोखंडाचे चटके दिले जात, आणि मेळघाटासारख्या भागातून अशा बातम्या अजूनही येतात. चटक्यांना आम्ही डॉक्टरांनी विरोध केला, तो बरोबरच होता. पण उपाय अडाणी म्हणून त्यामागची नजरही अडाणी ठरवली, ही आमची चूक.

त्या नजरेचा उपयोग करून घेण्याचे प्रयत्न तुरळक ठिकाणी झाले. १९६० च्या दशकाच्या अखेरीस पंजाबात लुधियानाजवळच्या नारंगवाल गावात डॉ. कार्ल टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रशिक्षित आरोग्य सेविकांना बाळांचा न्यूमोनिया ओळखून गावातच पेनिसिलिन द्यायला शिकवलं. हे टेलर अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे, पण जन्माने भारतातले.

नेमका आकडा आला तो पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागातून. गोरोका इथे काम करणाऱ्या फ्रँक शॅन या ऑस्ट्रेलियन बालरोगतज्ज्ञांसमोर रोजचा प्रश्न होता : खोकणारी मुलं शेकड्याने येतात, त्यातलं कोणाला औषध द्यायचं, कोणाला दाखल करायचं, हे आरोग्यसेवकाने स्टेथोस्कोपशिवाय कसं ठरवावं? त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये उत्तर मांडलं. खोकल्यासोबत मिनिटाला पन्नासहून जास्त श्वास असतील तर प्रतिजैविक द्या, आणि छाती आत ओढली जात असेल तर दाखल करा. चार वर्षांनी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी दाखवलं की वर्षाआतल्या बाळांसाठी ५० आणि त्याहून मोठ्यांसाठी ४० हा आकडा जास्त योग्य आहे. जागतिक आरोग्य संघटनेने पुढे जगभर शिकवलेला नियम असा : दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त श्वास म्हणजे जलद श्वास.

याचं कारण समजायला सोपं आहे. न्यूमोनियात फुफ्फुसाच्या पिशव्यांमध्ये द्रव साचतो आणि फुफ्फुस ताठ होतं. ताठ फुफ्फुस पूर्ण फुगवायला कष्ट पडतात, म्हणून बाळ छोटे छोटे पण भराभर श्वास घेतं. आजार वाढला की जोर इतका लावावा लागतो की बाळाच्या मऊ बरगड्यांचा खालचा भाग श्वास घेताना बाहेर येण्याऐवजी आत जातो. "बरगडी आत जातेय" म्हणणाऱ्या आजींनी पाहिलेलं ते हेच.

आता गडचिरोली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग जॉन्स हॉपकिन्समध्ये शिकून परतले आणि १९८६ मध्ये त्यांनी 'सर्च' ही संस्था सुरू केली. आसपासच्या गावांत बालमृत्यूंची नोंद ठेवू लागल्यावर न्यूमोनिया हे मोठं कारण म्हणून समोर आलं. डॉक्टर दूर, रस्ते वाईट, पावसाळ्यात नाले भरलेले. म्हणून त्यांनी गावातल्याच लोकांना, म्हणजे आरोग्यदूतांना आणि दायांनाही, न्यूमोनिया ओळखायला आणि कोट्रायमोक्साझोल हे औषध द्यायला शिकवलं. आई-वडिलांनाही लक्षणं समजावून दिली.

पण एक साधी अडचण होती. बाळंतपणात निष्णात असलेल्या अनेक दाया शाळेत गेलेल्या नव्हत्या, पन्नासपर्यंत मोजणं त्यांना जमत नव्हतं. यावर काढलेली युक्ती मला कुठल्याही महागड्या यंत्राहून जास्त आवडते. एक छोटी चौकट, तिच्यात एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी. दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी सहा मण्यांची ओळ, मोठ्यांसाठी पाच मण्यांची. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा मणी सरकला तर न्यूमोनिया समजून औषध सुरू करायचं. दहापर्यंत मोजता आलं की काम झालं.

वैद्यकीय वर्तुळात अशा कल्पनांना तेव्हा विरोध होता. निरक्षर बाईच्या हाती प्रतिजैविक द्यायचं? ही शंका अगदीच निराधार नव्हती. चुकीचं निदान झालं तर बाळाच्या जिवाशी खेळ, आणि औषधाचा अतिवापर होईल तो वेगळाच. म्हणून बंग यांनी मोजून दाखवलं. 'लॅन्सेट'मध्ये १९९० साली आलेल्या त्यांच्या अभ्यासात गावातल्या कार्यकर्त्यांनी उपचार केलेल्या न्यूमोनियाच्या ६१२ रुग्णांपैकी ०.८ टक्के दगावले, तर तुलनेसाठी घेतलेल्या भागात हे प्रमाण १३.५ टक्के होतं. न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू त्या भागाच्या तुलनेत निम्म्याहून कमी होते. पुढे नवजात बाळांच्या घरच्या घरी काळजीचं कामही त्यांनी याच वाटेने नेलं. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळ तपासतात, त्याचं मूळ तिथे आहे.

त्यानंतर बरंच बदललं. हिब आणि न्यूमोकोकस या न्यूमोनियाच्या दोन प्रमुख जंतूंविरुद्धच्या लसी सरकारी लसीकरणात आल्या. न्यूमोकोकसची लस २०२१ पासून देशभर मोफत मिळते. कोट्रायमोक्साझोलची जागा अमॉक्सिसिलिनने घेतली. कोविडच्या काळात बोटाला लावायचं ऑक्सिमीटर घरोघर पोचलं. (मोठ्यांचं ऑक्सिमीटर तान्ह्या बाळाच्या बोटावर नीट बसत नाही, तो आकडा बघून घाबरू नका आणि निर्धास्तही होऊ नका.) श्वास मोजणं मात्र मागे पडलं. वॉर्डातल्या तक्त्यांवर ताप आणि नाडी वेगवेगळी लिहिलेली असते, आणि श्वासाच्या रकान्यात ओळीने २०, २०, २०. मी शिकत असताना मीही तसे वीस लिहिले आहेत. जी नर्स खरोखर पूर्ण मिनिट मोजते, तिच्या तक्त्यावर माझा एक्स-रेइतका विश्वास असतो.

या नियमाची दुसरी बाजूही आहे, आणि शहरात तीच जास्त कामाची आहे. बाळाला खोकला आहे, पण श्वास जलद नाही, छाती आत जात नाही, दूध नीट पितंय, खेळतंय, तर तो बहुतेक साधा सर्दी-खोकला असतो आणि त्याला प्रतिजैविक लागत नाही. मागून घेऊ नका.

उलट, आकडा ओलांडला म्हणजे न्यूमोनियाच, असंही नाही. तापामुळे श्वास वाढतो, दम्याच्या घरघरीतही वाढतो. जिथे डॉक्टर नाही तिथे एकही बाळ सुटू नये म्हणून हा नियम बनवला आहे. म्हणून आकडा जास्त आला तर स्वतः औषध देऊ नका, त्याच दिवशी दाखवा.

घरी मोजायचं असेल तर बाळ शांत असताना किंवा झोपलेलं असताना मोजा, रडताना किंवा दूध पिताना नको. पोट उघडं ठेवा, मोबाईलवर पूर्ण एक मिनिट लावा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, कारण बाळाचा श्वास मध्येच थांबतो, मध्येच धावतो. पोट एकदा वर-खाली झालं की एक श्वास. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा आकडा जास्त आला तर लगेच पुन्हा मोजा. दुसऱ्यांदाही तोच आला तर थांबू नका.

छाती आत ओढली जात असेल, बाळ काहीच पीत नसेल, सगळं उलटून टाकत असेल, झटका आला असेल किंवा फार सुस्त पडलं असेल, तर मोजत न बसता थेट रुग्णालयात न्या. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचं दूध कमी झालं, ताप आला किंवा अंग गार पडलं, तरीही तसंच करा.

दवाखान्यात पोचेपर्यंत कधीकधी बाळ शांत झालेलं असतं आणि मला काहीच दिसत नाही. म्हणून घरी पोट उडताना दिसलं तर मिनिटभराचा व्हिडिओ काढून आणा. आणि आजी सोबत असतील तर त्यांना काय दिसलं ते त्यांनाच त्यांच्या शब्दांत सांगू द्या, केसपेपरवर मी ते आधी लिहून घेतो.