हाताने राखलेली अक्षरे

फराळाला जमलेल्या मंडळींत काका, मामा, आत्या असा सारा गोतावळा असतो आणि वडिलांचा भाऊ म्हणजे कोण, हे घरातल्या शेंडेफळालाही समजावून सांगावे लागत नाही. लेव्ह झासेत्स्की या २३ वर्षांच्या रशियन तरुणाला मात्र 'वडिलांचा भाऊ' आणि 'भावाचे वडील' यांतला फरक काही केल्या उमगेना.

२ मार्च १९४३ रोजी स्मोलेन्स्क प्रांतातील लढाईत एक गोळी त्याच्या मेंदूच्या डाव्या भागात शिरली. प्राण वाचले, परंतु युद्धापूर्वी तंत्रशिक्षण घेणारा हा हुशार विद्यार्थी अक्षरओळखच गमावून बसला. उजवीकडचे जगही त्याला दिसेनासे झाले.

अशा जखमी सैनिकांसाठी अलेक्सांद्र लुरिया हे मानसशास्त्रज्ञ त्या वेळी झटत होते. उरल प्रदेशातील एका रुग्णालयात त्यांनी मोठे काम उभारले. मेंदूचा नष्ट झालेला भाग परत मिळत नाही. पण त्याचे काम शाबूत भागांकडून निराळ्या रीतीने करवून घेता येते, अशी त्यांची धारणा होती. पूल वाहून गेला, तर माणूस उतार शोधतोच की!

झासेत्स्की एकेक अक्षर आठवून लिहू पाही आणि अडे. एके दिवशी डॉक्टरांनी त्याला सांगितले, की अक्षरांचा विचारच करू नये, हात न उचलता सबंध शब्द लिहून टाकावा. त्याने लिहिला तो शब्द होता 'रक्त'. आणि गंमत अशी, की लिहिलेला शब्द त्याला स्वतःला वाचता येईना! स्मृतीतून गेलेली अक्षरे हाताच्या वळणात शिल्लक होती. धुळाक्षरे गिरवून घेणाऱ्या आपल्या पंतोजींना याचे फारसे नवल वाटले नसते.

मेंदूला मार बसला, की त्यातील काही प्रथिने रक्तात उतरतात. अशा दोन प्रथिनांच्या तपासणीला अमेरिकेत २०१८ साली मान्यता मिळाली. सौम्य इजा झालेल्या प्रौढाला सीटी स्कॅन हवा की नको, हे ठरविण्यास तिची मदत होते. मेंदू सावरत असल्याची खूणही रक्तात सापडेल का, याचा शोध चालू आहे. झासेत्स्कीपाशी मात्र एकच माप होते: आज किती ओळी झाल्या? कधी दिवसभर खपून अर्धे पान होई. अशी त्याने सुमारे २५ वर्षांत ३,००० पाने लिहिली. लुरियांनी त्यांतून त्याची कथा १९७१ साली पुस्तकरूपाने जगापुढे आणली.

काल लिहिलेले पान आज वाचायचे, तर मात्र त्याला एकेक अक्षर जुळवीतच बसावे लागे.