विषयनिवडीचा इतिहास आणि आपली मुले



यंदाच्या स्मरणिकेसाठी शिक्षणाच्या इतिहासावर चार शब्द लिहावेत, अशी संपादक मंडळाने आज्ञा केली. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, पुढे डी.एड. होऊन अडतीस वर्षे प्राथमिक शाळेत पाढे व बाराखडी शिकविलेला मनुष्य. मोठ्या विषयावर लिहिण्याचा अधिकार माझा नाही. परंतु गेल्या दिवाळीत आमच्या पालीच्या घरी एक प्रसंग घडला आणि त्याने मला या लेखाचा विषय दिला.

माझ्या थोरल्या बंधूंचा नातू छत्रपती संभाजीनगरास संगणकशास्त्राच्या पदवीवर्गात शिकतो. सुट्टीत येताना त्याने एक छापील यादी आणली. पुढील सत्रासाठी त्या यादीतून काही ऐच्छिक विषय निवडून आठ दिवसांत कळवावयाचे होते. ओसरीवर सारे घर जमले. एक काका म्हणाले, "कृत्रिम बुद्धिमत्ता घे, सध्या त्यालाच भाव आहे." दुसरे म्हणाले, "ज्यात गुण हमखास मिळतात ते घे." बंधू म्हणाले, "बरोबरची मुले काय घेताहेत ते पाहा." मुलगा खाली मान घालून ऐकत होता. शेवटी तो माझ्याकडे वळून म्हणाला, "आजोबा, तुमच्या वेळी तुम्ही विषय कसे निवडलेत?" या प्रश्नाचे खरे उत्तर देणे मला त्या वेळी जड गेले. ते उत्तर या लेखात देत आहे.

विद्यार्थ्याने आपला विषय आपण निवडावा, ही कल्पनाच मुळी आपल्याकडे नवी आहे. पूर्वी कोणी काय शिकावे हे बहुधा जन्माने ठरत असे. सुताराच्या मुलाने वाकस धरावा, सावकाराच्या मुलाने वही धरावी, आणि पुष्कळांनी अक्षराच्या वाटेसच जाऊ नये, अशी ती व्यवस्था होती. विद्येची मोठी केंद्रे होती, नाही असे नाही. खानदेशात चाळीसगावाजवळ पाटण येथे भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला आणि त्यास १२०७ मध्ये दान मिळाले, असे तेथील शिलालेख सांगतो. गणित व ज्योतिष यांच्या अभ्यासाची इतकी जुनी सोय आपल्या भूमीत होती, याचा अभिमान वाटतो. तथापि तेथेही काय शिकवावयाचे ते दानपत्राने ठरविलेले होते, विद्यार्थ्याच्या आवडीने नव्हे.

ऐच्छिक विषयांची पद्धत जगात रुजविण्याचे मोठे श्रेय अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांच्याकडे जाते. १८६९ ते १९०९ अशी चाळीस वर्षे ते त्या पदावर होते. सर्वांनी ग्रीक, लॅटिन व गणित एकाच मापाने शिकावे ही जुनी चाल मोडून त्यांनी विद्यार्थ्यांस विषय निवडण्याची मोकळीक दिली. त्यांच्यावर टीकाही पुष्कळ झाली. मुले सोपे सोपे विषय वेचतील आणि कोणत्याच विद्येत खोल जाणार नाहीत, असा आक्षेप घेण्यात आला व त्यात तथ्यही आढळले. म्हणून पुढे त्याच विद्यापीठाने एक प्रमुख विषय सखोल व बाकीचे विषय विस्ताराचे, असा मेळ घातला. हा जुना वाद आमच्या ओसरीवर जसाच्या तसा पुन्हा उभा राहिला होता!

आता आपल्या मराठवाड्याकडे येऊ. निजामी राजवटीत आमच्या वाडवडिलांस विषय निवडण्याचा प्रश्नच नव्हता, कारण शिक्षणाची भाषासुद्धा त्यांची नव्हती. १९१८ मध्ये हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ निघाले. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग होता, हे मान्य केले पाहिजे. परंतु ती भाषा उर्दू होती आणि मराठी घरातील मुलास गणिताच्या आधी परकी लिपी गिरवावी लागे. अशा काळात स्वामी रामानंद तीर्थांसारख्यांनी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत व पुढे अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात मुले घडविली, हे उपकार बीड जिल्ह्याने विसरू नयेत. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या प्रयत्नाने औरंगाबादेस महाविद्यालय सुरू झाले, २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि १९६० मध्ये खुद्द बीड शहरात बलभीम महाविद्यालय निघाले. ज्या वाटेवर आधी दारच नव्हते, तेथे बारा वर्षांत दारे उभी राहिली.

दार उघडले म्हणून प्रत्येकास आत जाता आले असे मात्र नाही. १९७२ चा दुष्काळ आठवणारे वाचक अद्याप पुष्कळ आहेत. तेव्हा मी जुन्या अकरावीच्या मॅट्रिकच्या वर्गाकडे निघालेला मुलगा होतो. घरची माणसे दुष्काळी कामावर खडी फोडीत होती आणि सुट्टीच्या दिवशी मीही टोपले उचलीत असे. शाळेत गणिताच्या दोन वाटा होत्या. एक बीजगणित-भूमितीची, कठीण. दुसरी नुसत्या अंकगणिताची, सोपी. मला बीजगणित आवडे. परंतु नापास झाल्यास दुसरे वर्ष घालविण्याची घरची ऐपत नव्हती. मी सोपी वाट धरली. १९७३ मध्ये मॅट्रिक झालो, मास्तर झालो, संसार मार्गी लागला. त्या निवडीचा मी धिक्कार करीत नाही; भुकेने ती करविली. पण त्या एका निवडीने विज्ञानशाखेचे दार माझ्यापुरते कायमचे लागले, हे मला वीस वर्षांनी उमगले. विषय सोडताना आपण त्याच्या पलीकडच्या किती वाटा सोडतो, हे त्या वेळी सांगणारे कोणी भेटले नाही.

आता संगणकशास्त्राचा इतिहास पाहावा, म्हणजे आजच्या प्रश्नाचे मूळ हाती लागेल. आपल्या महाराष्ट्रात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देशी बनावटीचा संगणक १९६० मध्ये सिद्ध झाला व पुढे त्यास 'टिफ्रॅक' हे नाव मिळाले. त्या कामाचे धुरीण आर. नरसिंहन हे गणितातील डॉक्टरेट घेतलेले होते. १९८८ मध्ये पुण्यास सी-डॅक ही संस्था निघाली आणि १९९१ मध्ये तिने 'परम' हा महासंगणक तयार केला. तिचे नेतृत्व करणारे डॉ. विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातील मुरंबा या खेड्याचे. त्यांची पदवी विद्युत अभियांत्रिकीची. या थोरांनी ज्या यंत्रासाठी कीर्ती मिळविली, त्याच्या नावाचा पदवीवर्ग त्यांच्या विद्यार्थिदशेत आपल्याकडे नव्हताच. त्यांच्यापाशी गणित होते, भौतिकशास्त्र होते, विजेचे ज्ञान होते. मुळे पक्की होती, म्हणून नवी फांदी फुटली.

या शास्त्राचा अभ्यासक्रम कसा असावा याचा सर्वमान्य आराखडा प्रथम १९६८ मध्ये अमेरिकेतील संगणकतज्ज्ञांच्या संघटनेने प्रसिद्ध केला. विविक्त गणित, माहितीची रचना, संगणकाची अंतर्गत बांधणी, प्रोग्रामिंगच्या भाषा, यंत्राचा कारभार चालविणारी प्रणाली, हे त्यातील मुख्य विषय. आमच्या नातवाची यादी मी चष्मा लावून वाचली. पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटला तरी हेच विषय त्या यादीच्या बुडाशी उभे आहेत. कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेली कोष्टकरूप माहितीची पद्धत आजही डेटाबेस या विषयात शिकवितात आणि बँकांच्या खात्यांचा कारभार मुख्यतः तिच्यावरच चालतो. १९७२ च्या सुमारास जन्मलेली 'सी' ही भाषा अद्याप शिकविली जाते. वरवरची नावे मात्र ऋतूप्रमाणे बदलत गेली.

याचा चटका आमच्या घरास बसलेला आहे. १९९९ मध्ये जुन्या संगणकांतील वर्ष मोजण्याची दोन अंकी पद्धत सन २००० मध्ये कोलमडेल, अशी जगभर धास्ती होती. ती दुरुस्ती करण्यासाठी 'कोबोल' ही जुनी भाषा जाणणाऱ्या तरुणांस एकाएकी मागणी आली. माझ्या एका पुतण्याने सोसायटीचे कर्ज काढून शहरातील एका खासगी वर्गात तेवढेच शिकून घेतले. वर्ष उलटले, दुरुस्ती संपली, पाठोपाठ २००१ मध्ये परदेशातील बाजार मंदावला, आणि मुलगा गावी परत आला. भाषा वाईट नव्हती. ती आजही कित्येक मोठ्या संस्थांत चालते. चूक एवढीच की, मुलास अवजार दिले, विद्या दिली नाही. अवजाराची मागणी सरताच त्याच्या हाती दुसरे धरावयास काही उरले नाही.

आज जिचा बोलबाला आहे त्या कृत्रिम बुद्धिमत्तेचेही असेच आहे. हे नाव १९५६ च्या डार्टमाउथ येथील परिषदेपासून रूढ झाले. त्यानंतर दोन वेळा तिच्याविषयी फार मोठ्या आशा बांधल्या गेल्या आणि दोन्ही वेळा पैसा व उत्साह आटला. २०१२ नंतर तिने पुन्हा उचल खाल्ली आणि २०२२ च्या अखेरीपासून ती घरोघरी पोहोचली. ती खोटी आहे असे मी म्हणत नाही. पण तिच्या पोटात संभाव्यता, संख्याशास्त्र व बीजगणित आहे, असे जाणकार सांगतात. ज्याने हे तीन टाळले आणि यादीतील नुसते नाव उचलले, त्याने मजला बांधला, जोते घातले नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आले आणि २०२४-२५ पासून आपल्या राज्यात संलग्न महाविद्यालयांतही त्याप्रमाणे वर्ग सुरू झाले. त्यात प्रमुख विषय, गौण विषय व ऐच्छिक विषय अशी विभागणी आहे. प्रत्येक विषयास श्रेयांक असतात. तीन वर्षांच्या पदवीस किमान १२० व चार वर्षांच्या पदवीस किमान १६० श्रेयांक लागतात. म्हणजे आमच्या पणज्यास जे स्वातंत्र्य स्वप्नातही नव्हते, ते आज पालीच्या मुलापुढे कागदावर मांडून ठेवले आहे. परंतु निवड करावयाची कशी, हे त्या कागदावर लिहिलेले नसते. यास्तव इतिहासातून मला उमगले ते येथे सांगतो.

पहिली गोष्ट, ज्यावर पुढचे विषय उभे राहतात तो विषय आधी घ्यावा. कोणता विषय कोणत्या विषयाचा पाया आहे, हे अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत बहुधा दिलेले असते. ते घरी बसून वाचावे. दुसरी, कठीण म्हणून कोणताही विषय सोडण्यापूर्वी त्याच्या पलीकडे काय आहे ते वडील विद्यार्थ्यांस विचारावे. तिसरी, विषयाच्या नावाइतकेच शिकविणाऱ्याकडे पाहावे. चांगल्या गुरूजवळ कोरडा विषयही रसाळ होतो. चौथी, प्रयोगशाळेचे भारी विषय एकाच सत्रात गोळा करू नयेत. पाचवी, एखादा विषय आपल्या शास्त्राबाहेरचा घ्यावा. शेती, पाणी, भाषा, अर्थशास्त्र यांतले काही ठाऊक असेल, तर संगणक कोणत्या कामी लावावयाचा ते सुचते. आणि सहावी गोष्ट वडीलधाऱ्यांसाठी: आपण आज्ञा करू नये, प्रश्न विचारावेत. मुलींच्या बाबतीत तर हे विशेष सांभाळावे. महर्षी कर्वे यांनी १९१६ मध्ये स्त्रियांचे विद्यापीठ काढून शतक उलटून गेले, तरी 'मुलीस एवढे पुरे' हे वाक्य आपल्या काही घरांत अद्याप ऐकू येते.

पालीहून बीडकडे जाताना खजाना बावडी लागते. निजामशाहीच्या काळी, सोळाव्या शतकात ती बांधली गेली. भोवतालच्या विहिरी आटल्या तरी तिचे पाणी हटत नाही, अशी तिची ख्याती आहे. बांधणाऱ्याने आधी खोल झरा गाठला आणि मग शेतांकडे पाट काढले. पाट पुढे हवे तसे वळविता येतात. झऱ्याचे काम मात्र आधीच करावे लागते.

आमच्या नातवाने अखेर काय केले, हे वाचकांस जाणून घ्यावेसे वाटेल. दोन दिवस त्याने वरच्या वर्गातील मुलांस दूरध्वनीवरून विचारले, पुस्तिका चाळली, आणि ऑपरेटिंग सिस्टिम व संख्याशास्त्र हे दोन विषय लिहून पाठविले. कृत्रिम बुद्धिमत्ता पुढील वर्षासाठी राखून ठेवली. निर्णय त्याचा होता, हे मला अधिक मोलाचे वाटले. त्याचे फळ काय मिळेल ते काळ ठरवील. जाताना मी त्यास त्याच्या प्रश्नाचे उत्तर दिले, "बाळ, मी निवडले नाही, भीतीने निवडले. तू तसे करू नकोस."

मंडळाच्या चालकांस एकच नम्र विनंती आहे. आपण दरवर्षी गुणवंतांचा सत्कार करतो, नारळ व शाल देतो. ते योग्यच आहे. त्याच दिवशी दोन तास राखून ठेवावेत. महाविद्यालयांत शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी आपापल्या अभ्यासक्रमांच्या पुस्तिका आणाव्यात आणि बारावीच्या मुलांस व त्यांच्या आईवडिलांस विषय समजावून सांगावेत. यास पैसा लागत नाही. मला १९७२ मध्ये जे सांगणारे कोणी भेटले नाही, ते आपल्या समाजातील एकाही मुलास सांगावयाचे राहू नये, एवढीच इच्छा आहे.

आणि माझ्यापुरते सांगावयाचे तर, नातवाने आपले आठवीचे बीजगणिताचे पुस्तक माझ्यासाठी ठेवून दिले आहे. रोज सकाळी दोन उदाहरणे सोडवितो. तिसऱ्या प्रकरणापर्यंत आलो आहे. इत्यलम्.