सुरतेचा चहा

मंडळी, ‘चहा इंग्रजांनी आपल्याकडे आणला’ असे आम्ही मास्तर लोक वर्गात सर्रास सांगतो. मळे त्यांचे, हे खरे. आसामचा चहा लंडनच्या बाजारात विकला गेला तो १८३९ साली. पण ओव्हिंग्टन नावाचा इंग्रज पाद्री १६८९ साली विलायतेहून निघून सुरतेस आला, तेव्हा तिथे त्याने काय पाहिले? डच व्यापाऱ्यांची किटली चुलीवरून उतरत नव्हती. पाने चीनची, पण त्यांत गरम मसाला टाकून केलेला काढा लोक डोकेदुखीवर नि पोटातल्या मुरड्यावर घेत! एरवी खडीसाखर, चोखंदळ असेल त्याला मुरवलेले लिंबू. पाद्रीबुवा मायदेशी परतले आणि १६९९ साली त्यांनी चहावर एक अख्खा निबंधच छापला.